वेगळ्या चुलीचा पुरावा

नोटीस आली तेव्हा चावीवाला ओट्याशी उभा राहून बटाटे सोलत होता आणि त्याच ओट्यावर, हातभर अंतरावर, त्याचा मेहुणा आपले बटाटे सोलत होता. दोघांची पातेली वेगळी, सुऱ्या वेगळ्या, बटाट्यांच्या पिशव्याही वेगळ्या. शेगडीला दोन बर्नर होते म्हणून बरं. एकच असता तर त्या घरात केव्हाच खून पडला असता.

मेहुण्याने हात पुसले, पाकीट फोडलं आणि खणखणीत आवाजात वाचलं. चौतीस वर्षं तो बसमध्ये तिकीट तपासनीस होता. सगळी इमारत त्याला चेकर म्हणायची, आणि त्याला हळू वाचणं माहीत नव्हतं.

'आपण व आपल्या पत्नीचे बंधू एकाच छताखाली राहून एकत्र जेवण शिजवून खात असल्याचे आढळल्यावरून आपणा दोघांचे मिळून एकच कुटुंब धरण्यात येत आहे. सदर कुटुंबातील एका व्यक्तीस पेन्शन असल्याने आपले औषध कार्ड येत्या एक तारखेपासून बंद करण्यात येईल.'

"एकत्र?" चावीवाल्याने सुरी खाली ठेवली. "ह्याच्याबरोबर?"

"तेच म्हणतो मी," चेकर म्हणाला. "तुमच्या हातचं कोण खाणार, भावोजी?"

चावीवाल्याचे हात थरथरायचे. आयुष्यभर ज्याने केसाइतक्या फरकाच्या किल्ल्या घासल्या, त्याला आता किल्ली कुलपात घालायला तीन प्रयत्न लागायचे. सकाळ-संध्याकाळची गोळी घेतली की हात जरा ताळ्यावर यायचे, शर्टाची बटणं लागायची, चहा कपातच राहायचा. ती गोळी त्या कार्डावर दवाखान्याच्या खिडकीत मिळायची. कार्ड गेलं की गोळी गेली, गोळी गेली की हात गेले. एवढं साधं गणित होतं.

बायकोला जाऊन आठ महिने झाले होते. चेकर तिचा धाकटा भाऊ. बहिणीला शेवटचं पोचवायला आठ दिवसांचे कपडे घेऊन आला आणि राहिला. 'कधी जाणार?' असं चावीवाल्याने त्याला विचारलं नाही, आणि 'राहू का?' असं त्यानेही विचारलं नाही. दोघंही बोलायचे ते फक्त बटाट्याच्या रश्श्यावरून. ती करायची तसा रस्सा कसा करायचा, हे दोघांनाही आपल्याला माहीत आहे असं वाटायचं. चेकर म्हणायचा, "ताई आमच्या आईकडून शिकली. कांदा करपायच्या बेतापर्यंत भाजायचा." चावीवाला म्हणायचा, "लग्नानंतर तिने ते सोडलं. कांदा नुसता मऊ करायची." ती असताना दोघांपैकी एकानेही कधी पातेल्यात डोकावून बघितलं नव्हतं. खायला मात्र दोघंही पुढे. आता रोज दुपारी दोघं आपापला रस्सा करायचे आणि समोरच्याची चूक दाखवायला त्याच्या पातेल्यातला चाखायचे.

"अपील करायचं," चेकर म्हणाला. "नियम म्हणजे नियम. मी लिहितो."

नोटिशीच्या मागे बारीक अक्षरात छापलं होतं की दहा दिवसांत अर्ज केला तर निकाल लागेपर्यंत कार्ड चालू राहील. ते चेकरने वाचलंही होतं. पण अर्ज कसा मुद्देसूद हवा. त्याने तो तीनदा लिहिला आणि तीनदा फाडला. चौथ्यांदा समास सोडून, पट्टीने रेघा आखून, शाई वाळेपर्यंत फुंकर मारून त्याने तो स्वतः कचेरीत नेला. खिडकीतल्या कारकुनाने तारीख बघितली आणि म्हणाला, "अर्ज झकास आहे. पण आज अकरावा दिवस."

"म्हणजे?"

"म्हणजे सुनावणी मिळेल. तोपर्यंत कार्ड मात्र बंद."

घरी आल्यावर चेकरने हे एवढ्या हळू सांगितलं की चावीवाल्याला दोनदा विचारावं लागलं. मग चावीवाला म्हणाला, "बसमध्येही असंच करायचास का? प्रवासी उतरून गेल्यावर तिकीट मागायचास?"

चेकरने मान खाली घालून पट्टी आणि शाई आवरून ठेवली. ह्याचंच चावीवाल्याला जास्त वाईट वाटलं.

पुढचे तीन आठवडे वाईट गेले. उरलेल्या गोळ्या अर्ध्या करून घेतल्या, त्याही संपल्या. चावीवाल्याच्या हातून दोन कप फुटले. दाढी करताना हनुवटीचं शेत नांगरल्यासारखं झालं. रोज सकाळी चेकर समोर येऊन उभा राहायचा, त्याच्या शर्टाची बटणं लावायचा आणि वरचं बटण लावताना दर वेळी गळा आवळायचा.

"जीव घेतोस का?"

"मान वर करा, भावोजी. लहान मुलंसुद्धा वर करतात."

सुनावणीच्या दिवशी खालच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई त्यांच्याबरोबर निघाली. सगळे तिला मावशी म्हणायचे. चावीवाल्याला रस्ता ओलांडताना आधार हवा आणि चेकर आधार देण्यापेक्षा वाहतुकीला शिस्त लावत बसतो, हे तिला ठाऊक होतं.

खोली लहान होती. एक टेबल, पाच प्लॅस्टिकच्या खुर्च्या, त्यांतल्या एकीचा पाय वाकडा, आणि टेबलावर बोलणं टिपून घेणारं यंत्र. सुनावणी अधिकारी बाई पन्नाशीच्या होत्या, चष्मा दोरीला बांधलेला. समोर खात्याचा निरीक्षक फाइल घेऊन बसला होता. त्यानेच घरी येऊन चौकशी केली होती.

"आधी समजून घ्या," बाई म्हणाल्या. "कार्ड बंद केलं ते ह्यांच्या खात्याने. मी त्या निर्णयात नव्हते. जो एक बाजू धरून बसलाय, त्यानेच न्याय करायचा नाही, म्हणून मी इथे आहे. मी दोघांचं ऐकणार. जे ह्या खोलीत सांगितलं जाईल आणि ह्या फाइलमध्ये येईल, तेवढ्यावरच निर्णय देणार. बाहेर कोण काय म्हणतं ते माझ्या कामाचं नाही. तुमच्या वतीने कोण बोलणार?"

"मी," चेकर उठून उभा राहिला. "प्रतिनिधीही मीच, साक्षीदारही मीच, आणि ज्याच्यामुळे भानगड झाली तोही मीच."

"बसून बोललात तरी चालेल."

"चौतीस वर्षं उभा राहून बोललोय, मॅडम. बसलं की सुचत नाही. तर पुरावा क्रमांक एक..."

"थांबा. पहिल्यांदा खातं बोलेल. चालू असलेली मदत ते बंद करतायत, तेव्हा कारण सिद्ध करणं त्यांच्यावर आहे. तुमच्यावर नाही."

चेकर चकित झाला. "म्हणजे प्रवाशाने तिकीट दाखवायचं नाही? तिकीट नव्हतं, हे चेकरने सिद्ध करायचं?"

"इथे, हो."

"मग आम्ही चौतीस वर्षं उलटंच..."

"ते बसमध्ये. बसा आता."

तो वाकड्या पायाच्या खुर्चीवर बसला. चावीवाल्याने हात मांड्यांखाली दाबून धरले होते. टेबलावर ठेवले की टेबल वाजायचं.

निरीक्षकाने सांगितलं: तो दुपारी गेला होता. एका शेगडीवर दोन पातेली होती. दोन्हींत बटाट्याचा रस्सा होता. स्वयंपाकघरात दोन कपाटं, दोघांची वेगळी, त्यांना कुलपं. "पण मॅडम, दोन्ही कुलपांना एकच किल्ली लागते. मी लावून पाहिली. हा वेगळेपणाचा निव्वळ देखावा आहे."

"ह्यावर काय म्हणणं आहे?" बाईंनी चावीवाल्याला विचारलं.

"खरं आहे. दुसरी किल्ली घासायला घेतली, पण हात हलले. तीन कोऱ्या किल्ल्या वाया गेल्या. मग जुन्याच जोडीतलं कुलूप लावलं."

"मग कुलपाचा उपयोग काय?"

"बाई, चोराला कुलूप कधीच अडवत नाही. हे मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगितलं. कुलूप घरच्यांना कळावं म्हणून असतं, की हे माझं आहे."

बाईंनी ते लिहून घेतलं. निरीक्षकाने घसा खाकरला. "शिवाय शेजारून खात्रीलायक माहिती मिळाली आहे की हे दोघं रोज एकत्र जेवतात."

चेकर उसळला. खुर्ची मागे पडली. "कोण शेजारी? नाव सांगा!"

"नाव गुप्त आहे."

"मॅडम, नाव नाही, गाव नाही, मी त्याला उलट प्रश्न कसा विचारू? उद्या हे म्हणतील कावळ्याने सांगितलं!"

"आवाज कमी करा, पण मुद्दा बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "मी कोर्टाइतकी काटेकोर नाही. ऐकीव गोष्टही मी ऐकून घेते. पण जो माणूस समोर नाही, ज्याला काही विचारता येत नाही, त्याच्या नुसत्या ऐकीव बोलण्यावर मी कोणाचं औषध बंद करू शकत नाही. निरीक्षक, तुम्ही स्वतः ह्यांना एकत्र जेवताना पाहिलंत?"

"स्वतः नाही."

मागच्या खुर्चीवर चुळबूळ झाली. मावशी उठल्या. "अहो, मीच ती."

चेकरने मान गर्रकन वळवली. चावीवाल्यालाही नवल वाटलं.

"असे काय बघता?" मावशी म्हणाल्या. "मी वाईट काहीच नाही बोलले! ह्या साहेबांनी विचारलं, दोघं कसे राहतात. मला वाटलं, सरकारी माणूस आहे, चार शब्द चांगले सांगावेत, म्हणजे कार्ड पक्कं होईल. म्हटलं, एका ताटात जेवतात हो, एवढा जीव आहे एकमेकांवर."

"तुम्ही पाहिलंत?" बाईंनी विचारलं.

"पाहायला कशाला पाहिजे? कोणाबद्दल चांगलं बोलायला आधी पाहून यावं लागतं का?"

"मग खरं काय?"

"खरं म्हणजे रोज दुपारी दोघांच्या भांडणाने माझं मशीन चुकतं. परवा कॉलर उलटी बसली."

निरीक्षकाने फाइलमधलं एक पान उलटलं, मग परत सुलटं केलं. त्याच्याकडे आणखी काही नव्हतं. बाईंनी टोपण लावून पेन ठेवलं. "दोन पातेली, एक शेगडी, एक किल्ली, आणि हे. बरं. कोणाला आणखी काही सांगायचं आहे का? नसेल तर मी नोंद बंद करते."

इथे गप्प बसायचं होतं. चावीवाल्याला ते कळलं, मावशींना कळलं, निरीक्षकालासुद्धा कळलं, कारण त्याने पिशवी आवरायला घेतली होती. पण जिंकत आलेल्या माणसाला गप्प बसवत नाही, आणि चेकरला तर हरतानाही बसवत नसे. त्याने काखेतल्या पिशवीतून लांबट वही काढली.

"एक आहे, मॅडम. ठोस पुरावा. नऊ महिन्यांचा."

"अरे, कसली वही?" चावीवाल्याने त्याचा सदरा ओढला.

"तुम्ही बघा तर, भावोजी. सेवेत असताना मी रोजचा अहवाल लिहायचो. सवय गेली नाही. कोणी किती बटाटे घेतले, कोणी कधी शिजवले, सगळं तारीखवार आहे. ह्यापेक्षा वेगळी चूल जगात कोणाची नसेल!"

चावीवाला रोज त्याला लिहिताना बघायचा. त्याला वाटायचं, दुकानातून आणायची यादी करत असेल.

बाईंनी चष्मा चढवला आणि वाचायला लागल्या. "'माझे बटाटे चार. भावोजींचे तीन. भावोजींचा रस्सा पातळ. दोन वाट्या घेतल्या.'" त्या थांबल्या. पान उलटलं. "'भावोजींनी तळाला लावला. दीड वाटी.' 'भावोजी माझ्या रश्श्याला शेणकाला म्हणाले. तीन वाट्या प्यायले.'"

निरीक्षकाच्या चेहऱ्यावर सकाळ उजाडली. "मॅडम, खातं ह्या वहीचा आधार घेऊ इच्छितं."

"वही परत द्या," चेकर घाईने म्हणाला.

"आता नाही. तुम्ही स्वतः दिलीत. ती नोंदीत आली."

"पण ती आमच्या बाजूची आहे!"

"कागदाला बाजू नसते," बाई म्हणाल्या आणि वाचत राहिल्या. मनातल्या मनात वाचत असताना त्या एका पानावर अडकल्या. मग मोठ्याने वाचलं, पण आवाज बदलला होता. "'भावोजींचे बटाटे तीन. आज भावोजींचा रस्सा अगदी ताईसारखा लागला. सांगितलं नाही.'"

चेकर खिडकीकडे बघू लागला. चावीवाल्याचे हात मांड्यांखालून सुटले होते आणि टेबलाच्या कडेवर टकटक करत होते. त्याला ते थांबवायचं सुचलं नाही.

"कधीचं आहे हे?" त्याने विचारलं.

"फेब्रुवारीतलं."

"फेब्रुवारीत तू म्हणालास, मीठ कमी आहे."

"म्हणालो असेन."

"मी त्यानंतर मीठ वाढवलं, गाढवा!"

"इथे माझ्याशी बोला," बाई म्हणाल्या, पण फार जोराने नाही. "शपथेवर विचारते. ह्या वाट्या खऱ्या आहेत? तुम्ही एकमेकांच्या पातेल्यातलं खाता?"

चावीवाल्याला नाही म्हणायला जागा होती. वही त्याची नव्हती, त्यावर त्याची सही नव्हती. वेड लागलंय माझ्या मेहुण्याला, असं म्हटलं असतं तर निम्मी इमारत साक्षीला आली असती. गोळीची खिडकी त्याच्या डोळ्यांसमोर आली, आणि तिथली जाळी.

"वाट्या खऱ्या आहेत," चावीवाला म्हणाला. "त्याने कमीच लिहिल्यात."

"एकत्र शिजवता?"

"मेलो तरी नाही. बटाटे मी माझे आणतो, तो त्याचे. कांदा भाजण्यावर आमचं कधीच जमणार नाही. पण बाई, तिच्या हातची चव फक्त आम्हां दोघांच्याच तोंडात राहिलीय. मी केलेलं तसं झालं का, हे दुसऱ्या कोणाला विचारू? ह्या मावशींना? त्यांनी कधी खाल्लंच नाही. हा आहे एक, आणि हा खोटं बोलतो, ते आज कळलं."

निरीक्षकाने शेवटचा प्रश्न विचारला. बहुधा त्याला तो विचारायचा नव्हता, पण फाइलमध्ये रकाना होता. "हे गृहस्थ तुमचे कोण?"

"मेहुणा."

"पण पत्नी तर वारल्या."

"बायको गेली. म्हणून मेहुणा गेला का? तो जातच नाही, हीच तर माझी नऊ महिन्यांची तक्रार आहे."

मावशींनी पदर तोंडाला लावला. बाईंनी यंत्र बंद केलं आणि सांगितलं की निकाल लेखी येईल, टपालाने.

घरी परत येताना चेकरने एकाही गाडीला शिस्त लावली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो ओट्याशी आला नाही. डेपोच्या कँटीनमध्ये पाव खाऊन येतो म्हणाला. "निकाल लागेपर्यंत मी घरात खाणार नाही. एक वाटीही नाही. आधी अर्जाला उशीर केला, मग वही दिली. तुमचं कार्ड मी दोनदा घालवलं, भावोजी. तिसऱ्यांदा नको." जाताना आपली बटाट्यांची पिशवीही उचलून घेऊन गेला, न जाणो निरीक्षक पुन्हा आला तर.

बारा दिवस असे गेले. चावीवाला एकट्याचा रस्सा करायचा. थरथरत्या हाताने सोललेल्या बटाट्यावर निम्मी साल तशीच राहायची. मीठ फेब्रुवारीतल्याइतकं घालून बघितलं. चाखलं. बरं लागलं की नाही ते कळेना. आपलं आपल्यालाच कधी कळत नाही. खालून मावशींनी ओरडून विचारलं, "आज काय, घरी कोणी नाही का? इतकं शांत कसं?"

तेराव्या दिवशी पाकीट आलं. हातात धरलं तर अक्षरं पळायची, म्हणून त्याने कागद टेबलावर ठेवला, वर तवा ठेवला आणि एकेक ओळ बोटाखाली दाबून वाचली. मग घडी खिशात कोंबली आणि वरचं बटण उघडं ठेवून तसाच डेपोकडे निघाला.

चेकर कँटीनच्या बाहेर बाकावर बसला होता. पाव हातात होता आणि समोरून जाणाऱ्या बसकडे तो संशयाने बघत होता.

"निकाल आला," चावीवाला म्हणाला.

चेकर उठला नाही. "हरलो?"

"वाच."

चेकरने वाचलं. ह्या वेळी मनात. मग चौथा परिच्छेद सवयीने मोठ्याने वाचला, आणि बस थांब्यावरची माणसं वळून बघू लागली. 'एकत्र खरेदी करणे व एकत्र शिजवणे ही कसोटी आहे. खात्याने ती सिद्ध केलेली नाही. उलट अर्जदाराच्या प्रतिनिधीने सादर केलेल्या वहीवरून बटाटेदेखील मोजून वेगळे ठेवल्याचे दिसून येते. एकाने दुसऱ्याच्या स्वयंपाकाची चव घेतल्याने दोन चुलींची एक चूल होत नाही. कार्ड बंद केल्या दिवसापासून पूर्ववत चालू करावे.'

"वहीवरून," चेकर म्हणाला. "म्हणजे माझ्या वहीवरून जिंकलो."

"तुझ्या वहीमुळे हरता हरता राहिलो."

"निकालात तसं लिहिलेलं नाही, भावोजी." त्याने कागद उलटून मागची बाजू बघितली. "चव म्हणजे किती वाट्यांपर्यंत, हेही लिहिलेलं नाही. हा मुद्दा मोघम ठेवलाय. खातं वर जाऊ शकतं."

"जाऊ दे त्याला वर. तू खाली चल. घरी सकाळचा रस्सा आहे, कसा झालाय ते सांग. आणि खरं सांग."

"आधी औषधाची खिडकी. ती एक वाजता बंद होते." चेकरने उरलेला पाव कागदात गुंडाळला, बटाट्यांची पिशवी खांद्याला लावली. "पत्र माझ्याकडे द्या. तुमच्या हातून पडेल."

खिडकीपुढे चार माणसं होती. नंबर आला तेव्हा जाळीमागची मुलगी म्हणाली, "कार्डाचा नंबर सांगा, काका."

"नंबर नंतर," चेकर म्हणाला आणि घसा साफ केला. "आधी परिच्छेद चार ऐका."

मागची रांग कुरकुरायला लागली. चावीवाला भिंतीला टेकला, थरथरते हात खिशात घातले आणि त्याला सगळं वाचू दिलं.